सतराव्या मजल्याचं प्रेशर

लालबाग,
२ फेब्रुवारी २०२५

चि. नम्रता,

तात्याचा जयभीम.

तुझं खोकं काल पोचलं. वॉचमनने वर आणून दिलं आणि दारात उभं राहून हातवाऱ्यांनी विचारलं, काय मागवलंत? मी म्हटलं, पुतणीने बेंगळुरूहून पाहुणा पाठवलाय. आत काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं. तुझी चिठ्ठी निघाली तेव्हा उलगडा झाला, की हे ब्लडप्रेशर मोजायचं मशीन आणि हे तुझ्या स्वतःच्या कंपनीने केलेलं.

तू सांगितलंस तसंच केलं. सकाळी उठलो, तोंड धुतलं, खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसलो, पट्टा दंडाला गुंडाळला आणि हिरवं बटण दाबलं. एका हाताने पट्टा गुंडाळणं म्हणजे एका हाताने भाकरी थापण्यातला प्रकार. दोनदा सुटला. मग जमलं, आणि तो पट्टा जो फुगत गेला, त्याने दंड असा घट्ट धरला की मी आकड्याकडे बघायचं सोडून दंडाकडेच बघत राहिलो. तुझी मोठीआई, कमळाबाई, चैत्यभूमीच्या गर्दीत माझा दंड धरायची, तस्सा. ती गेल्यापासून असं कोणी धरलं नव्हतं. आकडा तुझ्याकडे आपोआप येतो म्हणतेस, म्हणून इथे लिहीत नाही.

पन्नास एकट्या म्हाताऱ्यांना ही मशीनं दिलीत आणि सहा महिन्यांत आकडे नीट आले तर मुंबईतलं एक मोठं इस्पितळ तुमच्याशी करार करणार, हे वाचून छाती फुगली. चौथी शिकलेल्या गिरणी कामगाराची पुतणी इस्पितळाला काहीतरी शिकवणार. पन्नासातला एक मी, तर माझ्याकडून कसूर होणार नाही.

इथलं ठीक. चाळ पाडून आम्हाला या सतराव्या मजल्यावर आणून बसवल्याला दोन वर्षं होत आली. माणसं चाळीतलीच. शेजारच्या दारात सीताराम, समोर नलूवहिनी, कोपऱ्यात रमाबाई. फक्त आता प्रत्येकाला घरात संडास आहे आणि दाराला काचेचा डोळा आहे. चाळीत दाराला कुलूप लागायचं ते गावी जातानाच. इथे उघडं ठेवलं तर लिफ्टमधून उतरणारं परकं माणूस आत डोकावतं, म्हणून सगळे लावून घेतात. मीही लावतो.

फोन करत जाऊ नकोस. कानाचं यंत्र घातलं तरी तुझा आवाज मला डब्यात अडकलेल्या माशीसारखा येतो, आणि मग मी उगाच हो हो म्हणतो. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा पत्रं लिहायचो, तेच बरं. वाचायला भरपूर आहे. माझी काळजी नको.

तुझा,
कोंडीतात्या


बेंगळुरू,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय तात्या,

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मेघनाला वाचून दाखवलं. मेघना म्हणजे माझी भागीदार. ती म्हणाली, असा एक माणूस आपल्या जाहिरातीत घेऊ या. मी म्हटलं, तात्या जाहिरातीत आले तर मशीन बाजूला राहील आणि लोक त्यांच्या गोष्टी ऐकत बसतील.

तुमचे आकडे रोज सकाळी येतात आणि छान येतात. तुमच्या मशीनवर घरचं माणूस म्हणून माझं नाव घातलंय. आकडा वर गेला की आधी आमच्या डॉक्टरला कळेल, मग मला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात म्हणून सांगते. प्रेशरची मशीनं औषधाच्या दुकानात पडलेली असतात, मग तुझं नवीन काय? माझं नवीन म्हणजे मधले दिवस. डॉक्टर माणसाला महिन्यातून एकदा बघतो, पाच मिनिटं. त्या दिवशी माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गोळी वेळेवर घेऊन गेलेला असतो. मधल्या दिवसांत त्याचं काय चाललंय ते कुठल्याच हॉस्पिटलला दिसत नाही. ते दाखवणारं कोणी नाही, म्हणून या कामाला मोकळं रान आहे. बाबांचे मधले दिवस कुणाला दिसले असते तर मी दहावीत असताना तुमच्या आणि मोठीआईच्या गळ्यात पडले नसते.

तसं पडले ते बरंच झालं. पण तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय.

ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक फ्रिज. जेवण वेळेवर होतं. (होत नाही. पण सुधारेन.)

तुमची,
नमू


लालबाग,
२ मार्च २०२५

चि. नमू,

जेवण वेळेवर होत नाही हे कंसात लिहिलंस म्हणून लहान होत नाही. डाळभात लावायला कितीसा वेळ लागतो? कुकर आहे ना?

तुझ्या मशीनने इथे चमत्कार केलाय. परवा नलूवहिनी वाटीभर कुळथाची पिठी घेऊन आल्या. दोन वर्षांत तीनदा आल्या असतील त्या, तेही पाणी आलं का विचारायला. टेबलावरचं मशीन बघितलं आणि विचारलं, "ह्यां काय?" मी सांगितलं, पुतणीने केलंय, दंड धरतं आणि बेंगळुरूला कळवतं. झालं. बसल्याच. चाळीतल्या नळावरची भांडणं निघाली, मी ऐकू आलं तेवढं ऐकलं आणि उरलेलं मला पाठच होतं.

दुसऱ्या दिवशी सीताराम आला. त्याला तू ओळखतेस, गिरणीत आमच्या खात्यातला, गणपतीच्या दिवसांत आवाज बसेपर्यंत ओरडणारा. मुलगा धनेश मस्कतला गेल्यापासून तो दारातल्या चपलांशी बोलतो अशी परिस्थिती होती. मशीन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, कोंड्या, तुझी पुतणी हुशार निघाली, तुझ्यावर गेलेली दिसत नाही. मग रमाबाई आल्या. आता सकाळी चार कप चहाचं आधण ठेवतो. दूध एक पिशवी जास्त सांगितलंय. माझी खुर्ची आणि कमळाबाईची खुर्ची अशा दोनच होत्या, तर सीतारामने स्वतःच्या दोन खुर्च्या एकेक करून डोक्यावर धरून आणल्या आणि परत नेल्या नाहीत.

पट्टा बांधायची अडचणही राहिली नाही. नलूवहिनी बांधून देतात, पण इतका आवळतात की मशीनला फुगायला जागाच उरत नाही.

तू तिथे एकटीने मान खाली घालून काम करतेस आणि इथे सतराव्या मजल्यावर दार उघडं राहतं, हे तुला सांगावंसं वाटलं.

तात्या


बेंगळुरू,
१२ मार्च २०२५

तात्या,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल. मिळाल्याबरोबर वाचा आणि वॉचमनच्या फोनवरून मला मेसेज करायला सांगा.

तुमचे आकडे आठ दिवसांपासून भयंकर येताहेत. दिवसातून चार-चार वेळा मोजताय, म्हणजे तुम्हाला बरं वाटत नाहीये आणि तुम्ही मला सांगत नाही. एकदा १३०, पाच मिनिटांनी १७८, मग एकदम ९६. आमचे डॉक्टर म्हणाले, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसात इतकी उलथापालथ चांगली नाही. त्यांनी तुम्हाला फोन केला तर कुणीतरी बाईंनी उचलला आणि "ते बरे आसत, चाय पितत" म्हणून ठेवून दिला.

डॉक्टरांनी जास्त ताकदीची गोळी लिहून दिलीय, ती आज औषधवाला आणून देईल. तात्या, मी सुट्टी काढून आले असते, पण येत्या आठवड्यात हॉस्पिटलची माणसं आमचे आकडे तपासायला येताहेत आणि इथे मी एकटीच आहे. मेघनाने नोकरी धरलीय. मागच्या महिन्यातच गेली. तुम्हाला लिहिणार होते.

चक्कर येते का? छातीत दुखतं का? खरं लिहा.

नमू


लालबाग,
१७ मार्च २०२५

नमू पोरी,

वॉचमनकडून मेसेज पाठवला होता, "तात्या ठणठणीत, पत्र येतंय." ते हे पत्र.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ते १७८ माझं नाही. सीतारामचं. ९६ नलूवहिनींचं, त्या सकाळी काही खात नाहीत. रमाबाईंचं १४० च्या आसपास असतं. माझं तेच, १३०. मशीन एक आणि दंड चार, असा हा घोळ.

तुझी गोळी मी घेतली नाही. ज्याचं प्रेशर त्याला गोळी हवी, तर सीतारामला मी आणि नलूवहिनी दोन बाजूंनी धरून महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तो वाटभर म्हणत होता की कोंड्याची पुतणी माझ्या दंडावर कंपनी काढते आणि वर मलाच आजारी ठरवते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून त्याला त्याची गोळी चालू केली.

आता तू म्हणशील, तात्या, मशीन तुम्हाला दिलं होतं ना? हो, दिलं होतं. पण नलूवहिनी "माका पण बघूंदे" म्हणून दंड पुढे करतात तेव्हा, हे माझं आहे, तुमचं नाही, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुला आठवत असेल, चाळीत आपल्या मजल्यावर थर्मामीटर एकच होता, आपल्याकडे. सगळ्या मजल्याचा ताप आपल्या घरी मोजला जायचा. सीतारामकडे टीव्ही होता तर त्यांच्या घरात त्यांनाच बसायला जागा नसायची. वस्तू कुणाच्या घरात आहे एवढंच बघायचं, कुणाची आहे ते नाही. मशीन नाव विचारत नाही, म्हणून मला वाटलं त्यालाही हे चालत असेल.

तुझ्या कंपनीच्या कामात माती कालवली गेली, याचं वाईट वाटतं. मी चुकलो, पण वाईट हेतूने नाही.

मेघना गेली हे मला आता कळलं. गेला महिनाभर तू त्या दोन टेबलांत एकटी बसतेस. हेही कंसातच ठेवलं होतंस होय?

तात्या


बेंगळुरू,
२४ मार्च २०२५

प्रिय तात्या,

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग तुमच्यावर चिडले. या क्रमाने.

तुमचे आकडे आता या तपासणीतून काढून टाकावे लागतील. हॉस्पिटलच्या माणसांना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, असं आणखी कुणाकुणाकडे झालंय ते आम्हाला कसं कळणार? तो प्रश्न बरोबर आहे. म्हणून आता मशीन नाव विचारील, आणि एका मशीनला एकच माणूस. दुसऱ्याचा दंड चालणार नाही, आधी अंगठा लावावा लागेल.

पण मी तुमच्या लोकांना सोडणार नाही. सीतारामकाका, नलूमावशी आणि रमाबाई, तिघांना एकेक नवीन मशीन पाठवतेय. तुमच्या जागी ते तिघं. घरचं माणूस म्हणून सीतारामकाकांवर धनेशदादाचं नाव घातलंय, नलूमावशींवर त्यांच्या श्रेयाचं, विरारची. हॉस्पिटलचा नियम आहे, कुणाचा आजार घरच्यांखेरीज कुणाला कळता कामा नये. तुमचंही मशीन चालू ठेवा, ते फक्त माझ्यासाठी.

आता प्रत्येकाला स्वतःचं. कुणाला कुणाच्या दारी जायला नको.

मेघनाचं मनावर घेऊ नका. तिचं घर आहे, आईचं आजारपण आहे. मला जमतंय.

नमू


लालबाग,
२० एप्रिल २०२५

चि. नमू,

जयंतीची धामधूम आटपली. विहारात मी दोन शब्द बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या असं दिसलं.

तिन्ही खोकी पोचली होती. मीच घरोघर जाऊन लावून दिली, अंगठे घेतले. सीतारामने मस्कतला फोटो पाठवला. रमाबाईंनी मशीनवर क्रोशाचा रुमाल घातलाय. सगळे खूष आहेत. तू एवढं केलंस, कोण करतं?

सकाळी आता घरात शांतता असते. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. दुधाची जास्तीची पिशवी बंद केली.

उन्हाळा आहे, पाणी पीत जा.

तात्या


बेंगळुरू,
३ मे २०२५

प्रिय तात्या,

आनंदाची बातमी. सगळ्याच्या सगळ्या मशीनांचे आकडे स्वच्छ येताहेत, आणि त्यात सगळ्यांत नियमित तुमचा मजला. हॉस्पिटलच्या साहेबांनी तो पडद्यावर मोठा करून दाखवला. करार तयार होतोय. जूनच्या शेवटी मुंबईत सह्या. पुढच्या वर्षी पाच हजार घरं, तात्या. मी आकडा ऐकला आणि पाणी प्यायले.

तुमच्याकडच्या गर्दीचा त्रासही थांबला म्हणायचा. रोज चार माणसांचा चहा करणं या वयात सोपं नाही.

एक मात्र आहे. तुमचं स्वतःचं प्रेशर एप्रिलपासून थोडं चढलंय. फार नाही. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. लोणचं बंद.

बातमी कळली तेव्हा ऑफिसात सांगायला कुणी नव्हतं. खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. त्याला मराठी येत नाही, मला कन्नड नीट येत नाही. त्याने माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

नमू


लालबाग,
२५ मे २०२५

चि. नम्रता,

वाईट कळवायचं आहे. सीतारामला अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. परळच्या सरकारी इस्पितळात आहे.

झालं ते जसं कळलं तसं लिहितो. मंगळवारी सकाळी मी पेपर घ्यायला दार उघडलं तेव्हा त्याचा पेपर त्याच्या दाराला तसाच अडकवलेला होता. मी बघितला. दोन महिन्यांपूर्वी असता तर मी दार ठोकलं असतं, कारण चहा थंड झाला असता. आता वाटलं, झोपला असेल, आपल्याला काय करायचंय उठवून? आत आलो, दार लावलं, आपला पेपर वाचत बसलो.

तो त्या वेळी भिंतीच्या पलीकडे जमिनीवर पडलेला होता. दंडाला पट्टा तसाच. त्याने उठून नेहमीप्रमाणे मशीन लावलं, मशीनने आकडा बघितला आणि आपलं काम केलं. तुझ्या डॉक्टरांनी सीतारामला फोन केला, कोण उचलणार? मस्कतला धनेशच्या फोनवर निरोप गेला, पण तो कामावर होता आणि तिथे फोन कपाटात ठेवून जावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने बघितलं, मग तोही बापाला फोन करत राहिला. नमू, तो फोन त्याच्या माझ्या मधल्या भिंतीवरच्या फळीवर असतो. इतका वेळ वाजत होता. मी भिंतीच्या अलीकडे, हातभर अंतरावर होतो. नलूवहिनी श्रेयाकडे विरारला गेलेल्या, आणि रमाबाईंच्या कोपऱ्यापर्यंत आवाज पोचत नाही. शेवटी धनेशने इमारतीच्या ऑफिसला फोन लावला, वॉचमन वर आला, दार तोडलं, तेव्हा दुपार कलली होती. दार तोडतानाही मला कळलं नाही. जमिनीला हादरा बसला म्हणून बाहेर आलो.

डॉक्टर म्हणतात, सकाळीच आणला असता तर बराच फरक पडला असता.

तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही हे. तुझं मशीन चोख वागलं. मस्कतला कळलं, बेंगळुरूला कळलं. फक्त सतराव्या मजल्याला कळलं नाही.

तात्या


बेंगळुरू,
३१ मे २०२५

तात्या,

पत्र यायच्या आधीच मला आकड्यांवरून कळलं होतं, पण ते असं कळलं नव्हतं.

मी सगळी नोंद पुन्हा पुन्हा बघितली. कुठेही चूक नाही. निरोप गेला, पोचला, सगळं आम्ही ठरवलं होतं त्याप्रमाणे. त्या दिवसापुढे आमच्या पडद्यावर हिरवी खूण आहे. काम पूर्ण. ती खूण मीच तयार केली होती.

मी हॉस्पिटलला विचारलं, धोक्याचा निरोप शेजाऱ्यालाही जाऊ दे. ते म्हणाले, नाही. उद्या कोणी म्हणेल माझं दुखणं चाळभर केलं. त्यांचंही खोटं नाही; अशी माणसं असतात, ज्यांना शेजाऱ्याला कळलेलं आवडत नाही. त्यांनी सांगितलं, आहे तसा करार करायचा तर करा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत कंपनी टिकणार नाही. आणि आहे तशी मशीनं पाच हजार घरांत गेली तरी कितीतरी लोकांचा जीव वाचेल, हेही खरं आहे. सही अजून केलेली नाही.

तुमच्याकडे चार खुर्च्या होत्या. मी प्रत्येकाला मशीन पाठवलं आणि त्या उठवल्या. तुम्ही लिहिलं होतं दूध बंद केलं, आणि मी तुम्हाला मीठ कमी करायला सांगितलं.

काय करू तात्या? आणि तुमचं खरं सांगा. आकडे नकोत.

नमू


लालबाग,
७ जून २०२५

नमू,

रडून झालं असेल तर आधी जेवून घे, मग हे वाच.

मी रोज दुपारी सीतारामकडे जातो. धनेश आठ दिवस राहून परत गेला, त्याची नोकरी तशीच आहे. नलूवहिनी विरारहून आल्या त्या तडक इस्पितळातच, आणि मला म्हणाल्या, "मेल्यांनो, मी चार दिवस गेलय तर ह्यां करून ठेवलात." मग डोळ्याला पदर लावला. त्या सकाळी त्याच्याजवळ असतात, दुपारी मी.

आमची बैठक तू बघायला हवी होतीस. त्याला बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी तो तोंड वाकडं करून काहीतरी सांगायची शिकस्त करत होता, घामाघूम झाला. मी त्याला म्हटलं, सीताराम, उगाच दमू नकोस, तू धड बोलायचास तेव्हा तरी मला कुठे ऐकू यायचं? तर हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. तेव्हापासून तो डाव्या हाताने खुणा करतो आणि मी पेपर मोठ्याने वाचून दाखवतो. शेजारच्या खाटेवरचे लोक वैतागतात, कारण माझा आवाज किती चढलाय हे मला कळत नाही.

काल त्याला तुझा सगळा मामला सांगितला. करार, नियम, शेजाऱ्याला कळू नये ते. आणि विचारलं, तुला पुन्हा असं झालं तर मशीनने कुणाला सांगावं? मस्कतला? त्याने नाही म्हणून मान हलवली. दवाखान्याला? पुन्हा तेच. मग डावा हात पुढे करून त्याने माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, आणि नर्सबाई चहा घेऊन येईस्तोवर सोडली नाही.

तेव्हा मला सुचलं ते सांगतो, पटलं तर घे. नियम म्हणतो, दुखणं दुसऱ्याला कळू नये. ठीक. पण दुखणं ज्याचं, त्याला कोणी विचारलंय का? मशीन देताना अंगठा घेता ना, तेव्हाच विचारा, बाबा, वेळ आली तर कुणाचं दार ठोकू? कुणी म्हणेल कुणाचंच नको. त्याची मर्जी. पण आमच्यासारखा म्हणेल, ह्या कोंड्याचं ठोका. आणि कोंड्या बहिरा असेल तर त्याच्या घरी आवाज करून उपयोग नाही, दिवा लागायला हवा, हे तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसांनी बघायचं. घेऊन जा हे त्या साहेबांकडे. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं, तर सही कर की नको कर, मी सांगणार नाही. पाच हजार घरांतल्या लोकांना, माझा एक दोस्त पडला म्हणून तुम्ही थांबा, असं म्हणायचा मला हक्क नाही. आणि तू सही नाही केलीस तर तुला कोणी नाव ठेवणार नाही, निदान या मजल्यावर तरी नाही.

आता माझं खरं विचारलंस ते.

तुझी मोठीआई गेल्यापासून मी सकाळी उठतो तेव्हा आज कोणाशी बोलायचं, हे मला आधी ठरवावं लागतं. पूर्वी ठरवावं लागत नसे. तुझं मशीन आलं तेव्हा ते जरा बाजूला पडलं होतं. ती तिघं मशीनसाठी येत नव्हती, मीही मोजण्यासाठी त्यांना बसवत नव्हतो, पण म्हाताऱ्या माणसांना एकमेकांकडे जायला काहीतरी कारण लागतं. नुसतं करमत नाही म्हणून आलो, असं सांगायला आमची जीभ रेटत नाही. एप्रिलमध्ये तुला हे लिहायला बसलो होतो. मग वाटलं, पोरगी एकटी झगडतेय, तिच्या डोक्यावर आणखी ओझं नको. म्हणून टाळ्या आणि क्रोशाचा रुमाल लिहिला. तू मेघनाचं लपवलंस, मी हे. एकाच घरातले ना आपण.

तेव्हा नमू, मला करमत नाही. आणि तुलाही करमत नाही, हे त्या इस्त्रीवाल्याच्या वडीवरून कळलं.

ये तू. सह्या असोत नसोत, जूनच्या अखेरपर्यंत थांबू नकोस. कंपनी तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्येच असेल, तर तो इथे टेबलावर ठेवून चालव. आठवडाभर ये, महिनाभर ये, तुला जमेल तितकं. सकाळी तुझं काम कर आणि दुपारी चारला माझ्याबरोबर इस्पितळात चल. त्याला पुष्कळ काही सांगायचंय असं दिसतं आणि मला पुष्कळ ऐकायचंय. आमच्या दोघांत एक ऐकणारं आणि बोलणारं माणूस हवं आहे.

तात्या